मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेसोबत काचबिंदूसाठी स्टेंट बसवून घ्यावा का?

कृष्णाकाठ

माझे वडील ७१ वर्षांचे असून सांगलीजवळ गावी राहतात. साखर कारखान्याच्या हिशेब विभागातून निवृत्त झाले आहेत आणि अजूनही गावातल्या पतसंस्थेचा वार्षिक अहवाल भिंगातून तपासल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही. सहा वर्षांपूर्वी त्यांच्या दोन्ही डोळ्यांत काचबिंदू असल्याचे निदान झाले. तेव्हापासून रात्री लॅटानोप्रोस्टचा एक थेंब आणि सकाळ-संध्याकाळ टिमोलोलचा एकेक थेंब असा क्रम चालू आहे. औषधे चालू असताना उजव्या डोळ्याचा दाब २२ आणि डाव्याचा १७ (मिलिमीटर पारा) असा शेवटच्या तपासणीत आला.

आता उजव्या डोळ्यात मोतीबिंदूही पिकत आला आहे. डॉक्टरांचे म्हणणे असे, की मोतीबिंदू काढताना त्याच छेदातून एक अतिसूक्ष्म स्टेंट आत बसवता येईल, त्यामुळे दाब उतरेल आणि थेंब कमी होतील, कदाचित बंदही होतील. या प्रकाराला ते ‘मिग्स’ म्हणाले. स्टेंटचा खर्च मोतीबिंदूच्या खर्चाच्या जवळजवळ दुप्पट आहे आणि तो वेगळा द्यावा लागेल. पैशांची सोय होईल, परंतु वडील म्हणतात, “यातून नेमके काय वाचणार ते कागदावर लिहून दाखव, मग सही करतो.” मला ते लिहून दाखवता येत नाही, म्हणून हा धागा. ज्यांनी स्वतः करून घेतले आहे किंवा घरात कोणाचे झाले आहे, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

बिनचष्म्याचा

शीर्षक वाचून हृदयाचा स्टेंट चुकून डोळ्यात गेला की काय, अशी शंका आली. पुढे ‘मिग्स’ वाचल्यावर तर ओझरचा विमान कारखानाच डोळ्यांसमोर उभा राहिला. असो, मला यातले काही कळत नाही, परंतु आईला मोतीबिंदू आहे, त्यामुळे वाचत राहीन.

थेंबे_थेंबे

मी चौदा वर्षे थेंब घालतो आहे, त्यामुळे ‘थेंब बंद होतील’ या तीन शब्दांचे मोल मला विचारा. सुरुवातीला एक बाटली होती, आता तीन आहेत. लॅटानोप्रोस्टने पापण्यांचे केस लांब आणि दाट झाले, ज्यावरून घरात माझी यथेच्छ थट्टा होते. डोळ्यांभोवतीची कातडी मात्र काळवंडली आणि डोळे खोल गेल्यासारखे दिसू लागले. ब्रिमोनिडिनने डोळे इतके लाल झाले, की एका लग्नात व्याह्यांनी मला कोपऱ्यात बोलावून काळजीने चौकशी केली.

याहून गंभीर गोष्ट म्हणजे थेंब चुकतात. प्रवासात, पाहुणे असताना, ताप आला असताना चुकतात, आणि डॉक्टरांना आपण ते सांगत नाही. काचबिंदू दुखत नाही, खुपत नाही, त्यामुळे थेंब चुकल्याची शिक्षा लगेच मिळत नाही. आपल्या वडिलांचा हात स्थिर आहे का आणि थेंब खरोखर डोळ्यात पडतो की गालावर, हे एकदा शेजारी बसून पाहावे. थेंब घातल्यावर डोळा मिटून नाकाजवळचा कोपरा दोन मिनिटे बोटाने दाबून धरला, तर औषध घशात व रक्तात कमी उतरते. ही साधी गोष्ट मला नवव्या वर्षी एका परिचारिकेने सांगितली.

दृष्टिकोन

मी निवृत्त नेत्रतज्ज्ञ आहे. रुग्णाला न पाहता सल्ला देणे योग्य नव्हे, म्हणून या शस्त्रक्रियेमागची कल्पना सांगतो आणि धागाकर्त्यांना काही प्रश्न विचारतो.

डोळ्याच्या पुढच्या कप्प्यात एक स्वच्छ द्रव सतत तयार होत असतो, दर मिनिटाला साधारण दोन ते अडीच मायक्रोलिटर. त्याचा अश्रूंशी संबंध नाही. समोरचे पारदर्शक पारपटल आणि बाहुलीभोवतीचा रंगीत पडदा, म्हणजे परितारिका, जिथे एकमेकांना भेटतात त्या सांध्याला आम्ही ‘कोन’ म्हणतो. त्या कोनात एक बारीक जाळी असते, जाळीमागे डोळ्याभोवती फिरणारा श्लेमचा कालवा असतो आणि तिथून बारीक वाहिन्यांवाटे हा द्रव शिरांमध्ये मिसळतो. खुल्या कोनाच्या काचबिंदूत कोन मोकळा दिसतो, पण जाळी तुंबलेली असते. मोरीच्या तोंडावर काही अडकलेले नाही, पण आतली गाळणी बुजली आहे, तसे. दाब वाढतो आणि डोळ्याच्या मागची नस हळूहळू मरत जाते. मेलेली नस कोणत्याही शस्त्रक्रियेने परत येत नाही. मोतीबिंदू काढल्यावर दिसू लागते, तसे काचबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर होत नाही, उरले आहे ते राखायचे असते.

जुनी आणि आजही भक्कम मानली जाणारी शस्त्रक्रिया म्हणजे ट्रॅबेक्युलेक्टमी. केअर्न्स यांनी १९६८ मध्ये तिचे वर्णन केले. तीत डोळ्याच्या पांढऱ्या भागात लहानशी झडप कापून द्रवाला वरच्या पापणीखाली नवी वाट करून देतात. दाब चांगला उतरतो, पण देखभाल मोठी असते. मिग्समध्ये पांढरे आवरण न उघडता, दीड-दोन मिलिमीटरच्या छेदातून आत शिरून मूळ निचऱ्याची वाटच मोकळी करायची असते. हे नाव टोरांटोचे डॉ. इक्बाल अहमद यांनी रूढ केले. टायटॅनियमचा जेमतेम एक मिलिमीटर लांबीचा ‘आयस्टेंट’ अमेरिकेत २०१२ मध्ये संमत झाला. त्याच्या नंतरच्या आवृत्तीत दोन त्याहूनही लहान स्टेंट एकाच उपकरणाने बसवतात. ‘हायड्रस’ हा निटिनॉल धातूचा आठ मिलिमीटरचा वक्र सांगाडा कालव्याचा सुमारे पाव भाग उघडा धरून ठेवतो.

या उपायांना एक नैसर्गिक तळ आहे. जाळी ओलांडली, तरी पुढे ज्या शिरांत द्रव जातो त्यांचा स्वतःचा दाब आठ-दहाच्या घरात असतो. त्यामुळे जाळीला वळसा घालणारे स्टेंट दाब बहुधा पंधराच्या आसपास आणून थांबतात. ज्यांची नस बरीच खराब झाली आहे आणि ज्यांना दाब दहा-बारावर हवा आहे, त्यांना हे पुरत नाही.

म्हणून विचारतो: वडिलांची गोनिओस्कोपी, म्हणजे आरसा असलेली काच डोळ्याला टेकवून कोनाची तपासणी, अलीकडे झाली आहे का आणि तीत काय दिसले? दृष्टिक्षेत्राच्या, म्हणजे नजर समोर स्थिर असताना आजूबाजूचे किती दिसते याच्या, तपासणीत नुकसान किती आहे? आणि डॉक्टरांनी या डोळ्यासाठी किती दाब हे उद्दिष्ट ठेवले आहे?

बिनचष्म्याचा

आपले सदस्यनाम ‘दृष्टिकोन’ का आहे, ते आज अकरा वर्षांनी कळले.

शंकासुर

डॉक्टरांचे विवेचन उत्तम आहे, परंतु वडिलांच्या ‘कागदावर लिहून दाखव’ या मागणीला उत्तर आकड्यांनीच द्यावे लागेल, आणि आकडे जाहिरातीइतके गोड नाहीत.

पहिली गोष्ट, मोतीबिंदूची शस्त्रक्रिया एकटीच डोळ्याचा दाब काही प्रमाणात उतरवते. म्हणून स्टेंटचे यश मोजताना ‘स्टेंट बसवला आणि दाब उतरला’ एवढे पुरत नाही, नुसता मोतीबिंदू काढलेल्यांशी तुलना हवी. हायड्रसची तशी तुलना ‘होरायझन’ नावाच्या चाचणीत झाली. पाच वर्षांनंतर स्टेंट बसवलेल्यांपैकी सुमारे ६६ टक्के लोक थेंबांशिवाय होते. नुसता मोतीबिंदू काढलेल्यांपैकी सुमारे ४६ टक्के. म्हणजे शंभरांतील ४६ जणांचे थेंब स्टेंटशिवायही सुटले असते, ३४ जणांना स्टेंट बसवूनही थेंब घालावे लागले, आणि स्टेंटमुळे म्हणून ज्यांचे थेंब सुटले असे साधारण २० उरले. वडील हिशेबाचे आहेत, त्यांना हे गणित दाखवावे. पाचातल्या एका संधीसाठी दुप्पट रक्कम द्यायची की नाही, हे ते आपल्यापेक्षा चांगले ठरवतील.

दुसरी गोष्ट ‘सायपास’ची. हाही मिग्स प्रकारातलाच स्टेंट होता. डोळ्याच्या भिंतीच्या थरांमधल्या जागेत द्रव सोडणारा. अमेरिकेत २०१६ मध्ये संमत झाला, दोन वर्षांचे आकडे छान होते. पाच वर्षांचे आकडे आले तेव्हा पारपटलाच्या आतल्या बाजूच्या पेशी स्टेंटवाल्या गटात सुमारे २० टक्के घटल्याचे दिसले, नुसत्या मोतीबिंदूच्या गटात ती घट सुमारे १० टक्के होती. या पेशी पुन्हा तयार होत नाहीत. ऑगस्ट २०१८ मध्ये कंपनीने तो जगभरातून मागे घेतला. तेव्हा ‘अतिसुरक्षित’ हा शब्द ऐकला, की किती वर्षांचा अनुभव आहे, हे विचारावे.

ओंटारिओवासी

शंकासुर, आपले आकडे बरोबर आहेत, परंतु त्या २० जणांपैकी मी एक असेन तर मला तो पाचातला एक भाग वाटत नाही, पूर्ण डोळा वाटतो.

मी टोरांटोजवळ राहतो. चार वर्षांपूर्वी माझ्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदूसोबत आयस्टेंट बसवले. भुलीचे थेंब आणि थोडे शामक औषध, एवढ्यावर सगळे झाले. मोतीबिंदूचा भाग संपल्यावर डॉक्टरांनी मला मान डावीकडे वळवायला सांगितली, सूक्ष्मदर्शक तिरका केला आणि डोळ्यावर एक काच ठेवली. पुढची पाच-सात मिनिटे मला प्रकाश आणि हलक्या दाबाखेरीज काही जाणवले नाही. दुसऱ्या दिवशी डोळ्यात थोडे रक्त उतरल्याने धुरकट दिसत होते, तीन-चार दिवसांत ते निवळले. त्याआधी मी तीन औषधे घालत होतो; आता उजव्या डोळ्यात एकही नाही आणि डाव्यात रात्रीचा एक थेंब आहे. एकाच माणसाच्या दोन डोळ्यांत, एकाच शल्यविशारदाने बसवलेल्या एकाच प्रकारच्या स्टेंटने असा फरक पडतो. तेव्हा हमी कोणी देऊ नये, हे मात्र मान्य.

रानजाई

येथे थोडी वेगळी बाजू मांडते. माझी ट्रॅबेक्युलेक्टमी २००६ मध्ये झाली, वयाच्या ४३व्या वर्षी. उजव्या डोळ्याचे क्षेत्र तोपर्यंत नाकाच्या बाजूने इतके गेले होते, की दार अर्धे उघडे असले तर मी त्याच्या कडेवर आपटत असे आणि स्वतःला धांदरट समजत असे. शस्त्रक्रियेनंतर पहिले दीड-दोन महिने आठवड्यातून दोनदा दवाखान्यात जावे लागले. टाके सैल करणे, पापणीखाली इंजेक्शने, एकदा दाब इतका खाली गेला की डोळाच मऊ पडला. वरच्या पापणीखाली पाण्याचा छोटा फुगा, ज्याला ब्लेब म्हणतात, तो आजही आहे. तिथे संसर्ग झाला तर दृष्टी जाऊ शकते, म्हणून डोळा जरा लाल झाला आणि दुखू लागला की रात्री-अपरात्री दवाखाना गाठायचा, अशी सक्त ताकीद आहे. मी पोहणे सोडले.

हे सगळे खरे असूनही त्या डोळ्याचा दाब गेली अनेक वर्षे १० ते ११ आहे, एकही थेंब नाही, आणि जेवढी नजर तेव्हा होती तेवढी जवळजवळ आजही आहे. अलीकडे मला भेटणारा प्रत्येक जण विचारतो, की ‘ते नवे, सोपे ऑपरेशन का नाही केले?’ ते तेव्हा उपलब्ध नव्हते हे एक, आणि उपलब्ध असते तरी माझ्या डोळ्याला पंधरा पुरले नसते, हे दुसरे. सोपी शस्त्रक्रिया सोप्या अवस्थेतल्या डोळ्यासाठी असते, हे रुग्णाला आधी स्पष्ट सांगावे एवढेच म्हणणे आहे. धागाकर्त्यांनी दृष्टिकोन यांच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर शोधल्याशिवाय पुढे जाऊ नये.

प्रातःस्मरण

एवढ्या शस्त्रक्रिया कशाला? माझ्या ओळखीतल्या एका गृहस्थांनी शीर्षासन, त्राटक आणि पहाटे तांब्याभर उषःपान यांवर डोळे ठणठणीत ठेवले आहेत.

दृष्टिकोन

प्रातःस्मरण, आपला हेतू चांगला आहे याविषयी शंका नाही, परंतु कोणा काचबिंदूच्या रुग्णाने हे वाचून अनुकरण करू नये म्हणून स्पष्ट लिहितो. शीर्षासनात डोळ्याचा दाब साधारण दुप्पट होतो. तो खाली आल्यावर उतरतो हे खरे, पण आधीच दुबळ्या झालेल्या नसेला रोज तेवढा वेळ तो सोसायला लावणे शहाणपणाचे नाही. आणि एका दमात लिटरभर पाणी पिणे, ही तर आम्ही निचऱ्याची ताकद अजमावण्यासाठी वापरत असू ती चाचणीच आहे. कमकुवत निचऱ्याच्या डोळ्यात त्याने दाब चढतो. पाणी अवश्य प्यावे, घोटघोट प्यावे. चालण्याचा व्यायाम उत्तम.

बिनचष्म्याचा

आमच्या शेजारचे काका रोज पहाटे गच्चीत हे दोन्ही पाठोपाठ करतात. उद्या सकाळी जाऊन त्यांना आधी सुलटे करतो.

गोमंतकी

स्टेंटवरच चर्चा चालली आहे, परंतु मिग्समध्ये असेही प्रकार आहेत ज्यांत डोळ्यात काहीच बसवत नाहीत. माझ्या भाच्याचा अनुभव लिहितो. आम्ही फोंड्याजवळ राहतो. त्याला लहानपणापासून दर उन्हाळ्यात डोळ्यांना खाज सुटण्याची अॅलर्जी. एकदा डॉक्टरांनी स्टेरॉइडचे थेंब थोड्या दिवसांसाठी लिहून दिले, त्याने बरे वाटले, आणि पुढे तीन वर्षे घरचे तीच बाटली औषधाच्या दुकानातून चिठ्ठीशिवाय आणत राहिले. सोळाव्या वर्षी फळ्यावरचे दिसत नाही म्हणून चष्म्यासाठी नेले, तेव्हा दाब ३८ निघाला. स्टेरॉइडमुळे झालेला काचबिंदू.

त्याची गॅट नावाची शस्त्रक्रिया झाली. एक बारीक शिवणधागा, ज्याचे टोक उष्णतेने गोल केलेले असते, तो श्लेमच्या कालव्यात शिरवून पूर्ण वर्तुळ फिरवतात आणि मग दोन्ही टोके ओढून जाळी आतून सर्वत्र उसवतात. शल्यविशारद म्हणाले, की स्टेरॉइडच्या काचबिंदूत अडथळा जाळीतच असल्याने ही शस्त्रक्रिया चांगली लागू पडते. खर्च स्टेंटच्या जवळपासही नाही, कारण साहित्य म्हणजे एक धागा. मात्र पहिला आठवडा आम्ही घाबरून काढला. डोळ्याच्या पुढच्या भागात रक्त साचले होते आणि मुलाला हात हलला तेवढे कळत होते. उशी उंच करून झोपायचे, वाकायचे नाही, असे सांगितले होते. दहाव्या दिवशी डोळा स्वच्छ झाला. आता दोन वर्षे झाली, दाब १३-१४ असतो. नसेचे जे नुकसान आधी झाले ते मात्र तसेच आहे.

थेंबे_थेंबे

गोमंतकी, ती बाटली आमच्याही घरात होती. ‘डोळे आल्यावर हीच घाला’ म्हणून एका नातेवाइकांनी प्रेमाने दिलेली. आपला प्रतिसाद वाचून आत्ताच केराच्या टोपलीत टाकली.

शंकासुर

याच संदर्भात, लेझरचा पर्याय अद्याप कोणी मांडला नाही. खुल्या कोनाच्या काचबिंदूत निचऱ्याच्या जाळीवर सोडायचे एसएलटी नावाचे लेझर बाह्यरुग्ण विभागात काही मिनिटांत होते. ब्रिटनमधल्या ‘लाइट’ चाचणीत नव्याने निदान झालेल्या ७१८ रुग्णांना थेंब आधी की लेझर आधी, असे दोन गटांत वाटले होते. २०१९ मध्ये निष्कर्ष आले, तेव्हा लेझरने सुरुवात केलेल्यांपैकी सुमारे ७४ टक्के लोक तीन वर्षांनंतर थेंबांशिवाय अपेक्षित दाब राखून होते. धागाकर्त्यांच्या वडिलांना सहा वर्षांत हे कोणी सुचवले का, याचे कुतूहल आहे.

ओंटारिओवासी

मला आधी एसएलटी झाले होते. दोन वर्षे चांगली गेली, मग परिणाम ओसरला. तक्रार नाही, ती दोन वर्षे थेंबांशिवाय गेली.

विमाशास्त्री

पैशांच्या बाजूने थोडेसे. बहुतेक आरोग्य विमा पॉलिसींमध्ये मोतीबिंदूसाठी प्रत्येक डोळ्यामागे ठरावीक मर्यादा असते, आणि दावा ‘मोतीबिंदू’ एवढ्याच नावाने गेला तर स्टेंटची रक्कमही त्याच मर्यादेत कोंबली जाते. काचबिंदूचे निदान, दृष्टिक्षेत्राचा अहवाल आणि स्टेंट वैद्यकीयदृष्ट्या का आवश्यक आहे याचे डॉक्टरांचे पत्र जोडून दोन्ही शस्त्रक्रियांसाठी वेगवेगळी पूर्वसंमती आधीच मागावी, आणि उत्तर लेखी घ्यावे. दूरध्वनीवर ‘होऊन जाईल’ म्हणणाऱ्यांवर विसंबून मी स्वतः एकदा तोंडघशी पडलो आहे.

कृष्णाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. दहा दिवस लिहिले नाही, कारण दृष्टिकोन यांच्या तीन प्रश्नांपैकी एकाचेही उत्तर माझ्याकडे नव्हते. जुनी फाइल काढली. दृष्टिक्षेत्राची शेवटची तपासणी अडीच वर्षांपूर्वीची निघाली. गोनिओस्कोपीची नोंद सहा वर्षांपूर्वीच्या पहिल्या कागदावर आहे, तिथे ‘कोन खुला’ असे लिहिले आहे. त्यानंतर नाही. म्हणून वडिलांना घेऊन पुण्यात एका काचबिंदूतज्ज्ञांकडे गेलो.

त्यांनी कोन पुन्हा तपासला. उजव्या डोळ्यात कोन अरुंद आहे. निम्म्याहून अधिक वर्तुळात जाळी दिसतच नाही, आणि एके ठिकाणी परितारिका जाळीला चिकटली आहे. डावा कोन उजव्यापेक्षा बरा, पण तोही ऐसपैस नाही. दृष्टिक्षेत्रात उजव्या डोळ्याचे नुकसान प्रारंभिक ते मध्यम आहे. त्या म्हणाल्या, की या स्थितीत आधी मोतीबिंदू काढावा आणि मग कोन कसा दिसतो ते पाहावे, आज स्टेंटचा निर्णय करण्याची वेळच आलेली नाही. परतीच्या प्रवासात वडील म्हणाले, “म्हणजे आपण उत्तराच्या मागे होतो, आणि प्रश्नच दुसरा होता.”

माझा प्रश्न असा, की सहा वर्षांपूर्वी खुला असलेला कोन बंद कसा होतो? पहिल्या डॉक्टरांची चूक झाली का?

दृष्टिकोन

कोन बदलतो. डोळ्यातले नैसर्गिक भिंग वयाबरोबर जाड होत जाते, आणि मोतीबिंदू पिकताना तर ते आणखी फुगते. फुगलेले भिंग परितारिकेला पुढे ढकलते, तिच्या मागे द्रव अडतो आणि आधी मोकळा असलेला कोन अरुंद होतो. म्हणजे आता गाळणी बुजली आहे की नाही, हा प्रश्न नंतरचा. मोरीच्या तोंडावरच काही आले आहे. आपल्या देशात अशा बंद कोनाच्या काचबिंदूचे प्रमाण पाश्चात्त्यांपेक्षा जास्त आढळते, आणि जाळीला वळसा घालणाऱ्या स्टेंटच्या मूळ चाचण्या तर खुल्या कोनाच्या रुग्णांवर झालेल्या आहेत. चिकटलेल्या परितारिकेच्या जागी स्टेंट बसवला, तर त्याचे तोंडच झाकले जाण्याची शक्यता असते.

येथे मोतीबिंदूची शस्त्रक्रिया हाच काचबिंदूचाही उपचार ठरतो. जाड भिंगाच्या जागी पातळ कृत्रिम भिंग आले, की परितारिका मागे सरकते आणि कोन उघडतो. ‘ईगल’ या चाचणीत बंद कोनाच्या ४१९ रुग्णांना, मोतीबिंदू नसतानाही, एका गटात भिंग काढून आणि दुसऱ्या गटात लेझरने परितारिकेला छिद्र पाडून, असे उपचार दिले गेले. २०१६ मध्ये आलेल्या निष्कर्षांत भिंग काढलेला गट दाब आणि जीवनमान या दोन्ही बाबतींत सरस ठरला. आपल्या वडिलांना तर मोतीबिंदू आहेच.

पहिल्या डॉक्टरांविषयी मी घाईने बोलणार नाही. भिंग काढल्यावर कोन उघडेल आणि मग त्याच बैठकीत स्टेंट बसवता येईल, असा त्यांचा विचार असू शकतो, आणि तसे करणारे कुशल शल्यविशारद आहेत. पण सहा वर्षांत कोन पुन्हा पाहिला गेला नाही, हे कोणाच्याही हातून झाले तरी योग्य नाही. गर्दीच्या बाह्यरुग्ण विभागात दाब मोजणे अर्ध्या मिनिटाचे काम असते. काच टेकवून कोन पाहायला वेळ लागतो, आणि नेमके तेच राहून जाते. माझ्या हातूनही राहून गेलेले आहे.

रानजाई

शेवटचे वाक्य लिहायला धैर्य लागते, डॉक्टर.

शंकासुर

मग माझे पाचातल्या एकाचे गणित या रुग्णाला लागूच नव्हते, हे मान्य करतो. आकडे बरोबर होते, पण भलत्याच रोगाचे होते.

बिनचष्म्याचा

शंकासुरांनी काही मान्य केल्याची तारीख कोणी तरी टिपून ठेवा.

कृष्णाकाठ

सात आठवड्यांनी धागा वर काढतो आहे, कारण दोघा-तिघांनी व्यक्तिगत निरोपातून चौकशी केली.

उजव्या डोळ्याची शस्त्रक्रिया पुण्यातच झाली. भिंग काढल्यावर तज्ज्ञांनी टेबलावरच काच ठेवून कोन पुन्हा पाहिला, चिकटलेला भाग अलगद सोडवला आणि स्टेंट बसवला नाही. पहिल्या दोन आठवड्यांत दाब २६ वर गेला, तेव्हा मी हादरलो होतो. त्यांनी समजावले, की शस्त्रक्रियेनंतरचे स्टेरॉइडचे थेंब काही जणांचा दाब चढवतात, त्यामुळे ते बंद झाल्याखेरीज खरा आकडा कळत नाही. (गोमंतकींच्या भाच्याची आठवण झाली.) स्टेरॉइड बंद झाल्यावर मागच्या आठवड्यात दाब १५ आला. टिमोलोल बंद केले आहे. रात्रीचे लॅटानोप्रोस्ट चालू आहे. तीन महिन्यांनी दृष्टिक्षेत्र पुन्हा तपासून तेही थांबवायचे का, ते ठरेल, आणि दाब चढू लागला तर स्टेंट किंवा गॅट यांचा विचार तेव्हा करता येईल, असे त्या म्हणाल्या.

वडिलांना कागदावर लिहून दाखवायचे राहिलेच होते. त्यांनी स्वतःच जमाखर्चाच्या वहीत नोंद केली आहे: ‘स्टेंट – खर्च पडला नाही, तूर्त.’ ‘तूर्त’ या शब्दाखाली दोन रेघा आहेत.

थेंबे_थेंबे

टिमोलोल सुटले, याबद्दल वडिलांचे अभिनंदन. त्यांना दम्याचा किंवा नाडी मंद होण्याचा त्रास होता का? मला ते औषध सोडल्यावर जिना चढताना लागणारी धाप कमी झाली होती आणि तोवर मी ती वयावर ढकलत होतो.

कृष्णाकाठ

दमा नाही, पण नाडी ५४ असे. आता ६६ आहे. हे आम्ही कधी थेंबांशी जोडलेच नव्हते, पुढच्या भेटीत विचारतो.

दृष्टिकोन

अवश्य विचारा. आणखी एक काम राहिले आहे. आई-वडील किंवा भावंडांपैकी कोणाला काचबिंदू असेल, तर घरातल्या इतरांना तो होण्याची शक्यता बरीच वाढते. आपण आणि आपली भावंडे चाळिशीच्या आसपास असाल, तर दाब, नस आणि कोन, या तिन्हींची तपासणी करून घ्यावी. भारतात चाळिशीच्या पुढच्या सुमारे एक कोटी बारा लाख लोकांना काचबिंदू असावा, असा २०१० मधला अंदाज होता, आणि दक्षिण भारतातल्या पाहण्यांत ज्यांना तो सापडला त्यांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिकांना स्वतःला तो आहे हे ठाऊकच नव्हते.

कृष्णाकाठ

मी ४४, बहीण ४१. दोघांची वेळ शनिवारची घेतली आहे. वडिलांच्या डाव्या डोळ्याचे काय करायचे, ते त्याच दिवशी विचारून येथे लिहितो.

बिनचष्म्याचा

शनिवारी आईलाही नेतो आहे. मोतीबिंदूसाठी नेणारच होतो, आता कोनही पाहा म्हणून सांगेन. आणि शेजारचे काका अजून शीर्षासन सोडायला तयार नाहीत, त्यांनाही गाडीत घालून नेण्याचा विचार आहे.